आटे, दोरा आणि कुंची

पौषातल्या सकाळी अंकुशनगरच्या हवेत मळीचा आंबूसगोड वास तरंगत असतो, आणि बाळंतिणीच्या खोलीत त्यात ओव्या-वावडिंगाची धुरी मिसळली की जो परिमळ तयार होतो, तो मी आयुष्यभर ओळखेन. लेकीच्या बारशाच्या सकाळी त्यात तिसराही वास होता, मशीनच्या तेलाचा. खिडकीतून आलेल्या कोवळ्या उन्हात मशीन ओढून आई कुंची शिवत बसली होती.

आमच्याकडे पहिली कुंची विकत आणत नाहीत. ती आजोळच्या आजीनं शिवायची. माझी माझ्या आजीनं शिवली होती, आणि नातीसाठी आईनं एक हिरवा खण केव्हाचा जपून ठेवला होता. संधिवातानं बोटं आखडल्यापासून तिला हातशिलाई जमत नाही, सगळी भिस्त मशीनवर. दुपारी जालन्याहून सासरची माणसं यायची होती, झालर अजून लागायची होती, आणि नेमकी तेव्हाच सुई डगमगू लागली.

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी जेवताना त्यांचं बोलणं फिरून फिरून आट्यांवर येतंच. बोल्टच्या अंगावर गोल गोल चढत जाणाऱ्या त्या खाचांवर त्यांचा भारी जीव. आटे धरून ठेवतात हे कुणालाही ठाऊक असतं; पण जॅकमध्ये तेच आटे भरलेला ट्रक उचलतात, आणि कारखान्यात पन्हाळीतून फिरणारा लांबलचक मळसूत्री दांडा साखर पुढे पुढे नेत राहतो तेही आट्यांचंच काम, हे सारं मी शाळेत जाण्याआधीच ऐकलं होतं. आईचं विश्व दोऱ्याचं. वरचा दोरा रिळावरून उतरतो, खालचा बॉबिनमधून वर येतो, आणि टाक्यागणिक कापडाच्या पोटात दोघांची भेट होते. या विश्वात अण्णांना प्रवेश नव्हता.

त्या दिवशी मात्र ते उत्साहानं उठले. सुई धरणारा इवलासा स्क्रू सैल झाला होता, एवढंच. अण्णांनी पक्कड घेतली आणि उसाच्या चरकाचे बोल्ट आवळण्यात उमर गेलेल्या हातानं तो असा काही आवळला, की कर्र झालं आणि स्क्रू जागच्या जागी गरगर फिरू लागला. आटे गेले होते.

आई अर्धी कुंची मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत राहिली, आणि तिचे भरलेले डोळे पाहून मलाही रडू आलं. अण्णा स्कूटर काढून पार शहागडपर्यंत दुकानं धुंडाळून आले. तसा स्क्रू कुठं मिळाला नाही. माझ्या नवऱ्यानं फोनवर तयार कुंची आणू का म्हणून विचारलं, तेव्हा आईनं इतक्या शांतपणे होकार दिला, की त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

अण्णा बराच वेळ आईच्या दोऱ्यांच्या डब्याकडे बघत उभे होते. मग, कधी नव्हे ते विचारून, म्हणाले, "जरासा दोरा देतीस का? आम्ही पाइपाच्या आट्यावर सूतच गुंडाळत होतो, गळू नये म्हणून."

आईनं हिरव्या रिळाचा दोरा काढला, मेणबत्तीवरून ओढला, दातानं तोडला. अण्णा चष्मा लावून झिजलेल्या आट्यांत तो बसवू लागले, स्क्रू आवळतो त्याच दिशेनं, कारण उलटा गुंडाळला तर फिरवता फिरवता सगळा उलगडून हातात येतो. दोरा बसला, स्क्रू भोकात गेला आणि सवयीनं त्यांचा हात पुन्हा पकडीकडे वळला.

"पक्कड राहू द्या," आई म्हणाली. "बोटानं फिरवा, आन् जोर लावू नका. हा काय चरक न्हाई."

अण्णांनी श्वास रोखून बोटानं फिरवला. स्क्रू अडला, सुई ताठ उभी राहिली, आणि आईचे पाय पायट्यावर धावू लागले. दोऱ्यानं आटे धरले होते, आट्यांनी सुई, आणि सुईच्या नेढ्यातून पुन्हा त्याच रिळाचा दोरा पळत होता. बाजेवर पडल्या पडल्या मी एवढ्या मोठ्यानं हसले की लेक दचकून जागी झाली.

दुपारी नवऱ्यानं आणलेली तयार कुंची पिशवीतच राहिली. हिरव्या खणाची कुंची लेकीच्या डोक्यावर चढली आणि हनुवटीखालचे बंद बांधायचा मान आईनं अण्णांना दिला. त्यांनी त्या जाड, रापलेल्या बोटांनी ते इतके जपून बांधले, की आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि बंद सुटले. बायकांत हशा पिकला. त्यांनी पुन्हा बांधले, पुन्हा सुटले.

"थोडं आवळा आता," आई त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाली. "एवढं चालतं."

तो स्क्रू अजूनही दोऱ्यावरच उभा आहे. नवा मागाहून जालन्याहून आणून डब्यात ठेवलाय, पण बसवायची कुणालाच घाई दिसत नाही. लेक माझं बोट मुठीत धरून झोपते, ना सैल ना घट्ट. तिला हे कुणी शिकवलं असेल, असा विचार करत मी बोट न सोडवता तशीच पडून राहते, आणि शेजारच्या खोलीत मशीन चालू होतं.