मजनू तुतीचे फुटवे

मोलूक खानम आमच्या समोरच्या दारातली. काशानच्या आमच्या गल्लीत तिच्याएवढी टापटीप बाई नाही आणि तिच्याएवढी दुष्टही नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. तिच्या मुलाने, कियूमर्सने, अंगणात साध्या तुतीच्या खुंटावर मजनू तुतीचं कलम बांधलं होतं. फांद्या छत्रीसारख्या ओघळायच्या. कियूमर्स तापाने गेला. मागे राहिली बायको तूबा आणि तान्ही पर्वाने.

पुढे मोलूक खानमचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती तेहरानला लेकीकडे जाऊन पडली, ती दोन-तीन वर्षं. इकडे खुंटाला खालून फुटवे आले. तूबा डोंगरातल्या गावची. तिकडे तुतीचा फुटवा कुणी मोडत नाही. हिवाळ्यात साखरेऐवजी वाळल्या तुती तोंडात धरून चहा पितात. तिला वाटलं, वरच्या माना टाकलेल्या फांद्या रोगट आहेत. तिने खालचे ताठ कोंभ वाढू दिले. कोंभांना फळं लागली, पण झाडाचा सगळा रस त्यांनीच ओढला आणि वर बांधलेली छत्री वाळून गेली.

सासू परतली तेव्हा तूबाने हौसेने वाळल्या तुतींची बशी पुढे केली. मी तिथेच होते.

"खाऊन बघा ना, खानमजान. आपल्याच झाडाच्या आहेत."

"गोड आहेत. आणि माझ्या मुलाचं झाड कुठंय?"

"मला वाटलं, ते आजारी आहे..."

"हो का! आणि तो तापाने फणफणत होता तेव्हा काय वाटलं होतं गं? ठणठणीत आहे?"

तूबा झाडाकडे धावली. "आत्ता कापते मी सगळे."

"कापायचे नाहीत. कापले की दुप्पट फुटतात. माती उकर आणि बुडातून उपट."

तूबाने नुसत्या हातांनी उपटले. बोटं सोलून निघाली. मी म्हटलं, "अहो, पुरे करा आता!"

"एफ्फत, तुझा भात करपतोय. घरी जा."

शेवटचा फुटवा निघाल्यावर ती सुनेला म्हणाली, "आता बोचकं बांध. तुझ्या भावाला बोलावलंय. पर्वाने इथेच राहील."

तूबाने तिचे पाय धरले. "शुक्रवारी तरी भेटू द्या."

"थोडं ठेवलं की पुन्हा फुटतं. आत्ताच शिकवलं ना?"

तूबा तरीही यायची, पुढची चार-पाच वर्षं. दार उघडायचं नाही. मी माझ्या दारातून मोलूकला शिव्या घालायची, दुसरं काय करणार होते?

गेल्या नवरोजला दार उघडलं. पर्वानेनेच उघडलं. तूबाने नवा फ्रॉक पुढे धरला. पोरीने फ्रॉककडे पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "आजी, कुणी बाई कपडे विकायला आलीय."