पटलं काय?

आमच्या शेजारचे पोस्टातले कारकून रविवारी गावोगावच्या शाळांत बुवांचे चमत्कार करून दाखवायचे आणि लगेच त्यातलं विज्ञान सांगायचे. दर वाक्यामागे "पटलं काय?" ठरलेलं. होकार आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

एकदा मालगुंडला मी सोबत होतो. त्यांनी जळता कापूर जिभेवर ठेवून तोंड मिटलं. "जीभ ओली, तोंड मिटल्यावर हवा बंद, म्हणून विझतो. पटलं काय?"

"पटलं!" पोरं ओरडली. तरी एक आजी पाया पडायला आल्या.

हे चटकन मागे सरले. "ओ आजी, पाया कसल्या पडताय? तुम्हालाही जमेल."

त्यांनी नीट शिकवलं आणि आजींनी खरोखरच कापूर तोंडात विझवला. टाळ्या थांबायच्या आत त्यांची सून पुढे आली आणि सासूच्या पाया पडली. मागे रांग लागली.

परतीच्या एसटीत त्यांनी मला एकदाही "पटलं काय?" विचारलं नाही.