उंबऱ्याबाहेरचा चहा

फोन शुभांगीचा होता. दिनकर कांबळेची मुलगी. ती इंग्लंडमध्ये नर्स आहे, पण वडिलांच्या आजारपणामुळे कोल्हापुरात आली होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेली दाढी पूर्ण केली. महिना उलटून गेला, अजून तसंच आहे. रडू येत नाही. दाढ काढताना भूल दिली की गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचाच वाटतो, तसं काहीसं...

दिनकर आणि मी मुरगूडजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. पुढं मी बँकेत लागलो, तो हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागला. आमची भांडणं कायम इंग्रजांवरून. माझे वडील, तात्या, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, त्यामुळं इंग्रज म्हणजे चोर हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. दिनकरचा आजा इंग्रजांच्या पलटणीत होता. "तुमच्या लेखी चोर असतील," दिनकर म्हणायचा. "पर माझ्या आज्याला बूट कुणी दिलं? पलटणीनं. आनि गावात आल्यावर तुमच्या गल्लीतनं पायताण हातात घिऊन कुणी चालीवलं? ते काय इंग्रजानं न्हवं." मी चिडायचो. तो हसायचा. मग दोघं मिळून मिसळ खायला जायचो.

स्वातंत्र्याची पन्नाशी होती त्या वर्षी पीटर नावाचा एक इंग्रज आमच्या भागात आला. त्याचे आजोबा इकडं कुठंसं साहेब होते म्हणे, आणि त्याला चळवळीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं होतं. दुभाष्या म्हणून दिनकर त्याला आमच्या घरी घेऊन आला. सगळं गाव अंगणात लोटलं. ज्यांना पन्नास वर्षं शिव्या घातल्या त्यांच्यातल्याच एका साहेबाच्या नातवाचा हात तात्यांनी हातात घेतला आणि आईला हाक मारली, "पावण्यास्नी भाईर कशाला? आत घ्या, चुलीपाशी बसवू!"

आमच्या घरात दिनकरची जागा सोप्यात. सोपा म्हणजे पुढची पडवी. शाळेत असल्यापासून तो तिथंच बसायचा, तिथंच चहा घ्यायचा. तात्या त्याला मान द्यायचे, मास्तर म्हणायचे, माझ्याआधी त्याला सल्ला विचारायचे. पण सोप्यात. त्या दिवशी पीटर वाकून आतल्या दारातून गेला आणि दिनकर सवयीनं बाहेर थांबला. आत तात्या, आई, इंग्रज... कुणाचं कुणाला कळेना. शेवटी तात्याच ओरडले, "मास्तर, तू बी ये की! त्यो काय बोलतोय ते कोन सांगनार आमास्नी?"

तो आत आला. मी बघत होतो. त्यानं आधी चुलीकडं बघितलं, मग वरच्या फळीवरच्या भांड्यांकडं.

पीटरला मांडी घालता येईना, म्हणून पाटावर पाट ठेवून त्याला उंच बसवला. तांबड्या रश्श्यानं त्याचं नाक गळायला लागलं, पांढऱ्यानं जरा शांत झाला. मग कौतुकानं दिनकरला इंग्रजीत म्हणाला, या घरात तुम्ही पुष्कळदा जेवला असाल. दिनकर इंग्रजीतच म्हणाला, नाही, आज पहिल्यांदाच. पीटरला वाटलं, थट्टा करतोय. तो मोठ्यानं हसला.

"काय म्हंतोय?" तात्यांनी विचारलं.

"रस्सा झकास झालाय म्हंतोय," दिनकर म्हणाला.

इंग्रजी मलाही येत होतं. मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

हात धुतल्यावर पीटर तात्यांसमोर उभा राहिला. आमच्या लोकांनी तुमच्यावर अन्याय केला, त्याची मला लाज वाटते, असं काहीसं बोलला. दिनकरनं ते मराठीत सांगितलं तसे तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. मग पीटर दिनकरकडं वळला आणि त्याचीही माफी मागू लागला, तेव्हा दिनकरनं मान हलवली. "तुम्ही नको," एवढंच इंग्रजीत म्हणाला. पीटरला ते कळलं नसावं. तात्यांनी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात दिनकर आला. सोप्यात बसला. आईनं चहा पाठवला. तात्यांच्या तोंडी अजून पीटरच होता. "लई दिलदार मानूस. चुकलं म्हनाला. येवढं म्हनायला काळीज लागतं, मास्तर."

"व्हय तात्या," दिनकर म्हणाला. "लागतं."

आणि थांबला. कप तसाच हातात धरून तात्यांच्या तोंडाकडं बघत थांबला. मला वाटलं, आता तात्या म्हणतील. काहीतरी म्हणतील, निदान 'आत ये' तरी. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि यंदा उसाला तुरा लवकर आला म्हणाले... दिनकरनं कप खाली ठेवला. त्या दिवसानंतर तो आमच्याकडं बसला नाही. यायचा, तात्यांची चौकशी करायचा, उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि "घाईत हाय" म्हणून जायचा. तात्या गेले तेव्हाही अंगणातच उभा होता. पुढं मी कोल्हापुरात फ्लॅट घेतला. तिथं ना सोपा, ना चूल. बायको अक्षरशः हाताला धरून ओढायची, तरी दारातच उभा. "घाईत हाय वहिनी." रिटायर झालेल्या माणसाला कसली घाई?

दिनकरच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या दिवसकार्याचा, कार्यक्रम झाल्यावर माणसं पांगली आणि शुभांगी माझ्याशी बोलत बसली. दोनेक वर्षांपूर्वी दिनकर तिच्याकडं इंग्लंडला गेला होता. तिथं शेजारी एक म्हातारी इंग्रज बाई राहते, एकटीच. ती रोज त्याला चहाला बोलवायची. हा जायचा, पण दाराबाहेर उभा राहून चहा प्यायचा, आभार मानायचा आणि परत यायचा. बाई बिचारी खुर्ची दाखवायची, हा हसून मान हलवायचा. शेवटी तिनं शुभांगीला हळूच विचारलं होतं, तुझे वडील अजून आमच्यावर रागावलेत का गं?

"आईला विचारलं तर ती काहीच बोलत नाही," शुभांगी म्हणाली. "मी त्या बाईला काय सांगू, काका? बाबांना इंग्रजांचा एवढा राग होता?"

"इंग्रजांचा नव्हता, पोरी."

"मग कुणाचा?"

तिची आई मला आमटी वाढत होती, तिचा हात थांबला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, भिंतीला टेकून, पाय पसरून. मला कुणी आत या म्हटलंही नव्हतं. मी आपला सरळ आत येऊन बसलो होतो.