फुटलेले ओठ

माझ्या अंगात जन्मापासून रंगच नाही. केस पांढरे, कातडी पांढरी, उन्हात डोळे उघडत नाहीत. तरी चाकणजवळच्या आमच्या कांद्याच्या रानात मी लहानपणी टोपीशिवाय हिंडलो, कारण टोपी घातली की पोरं हसायची. तिशीनंतर ते ऊन बाहेर आलं. कपाळावर, हातांवर गाठी येऊ लागल्या. कॅन्सरच्याच. एक कापली की दुसरी हजर. कंपनीतले मित्र विचारायचे, "भावा, आता कुठं शिवून आलास?"

शेवटी पिंपरीतल्या डॉक्टर मॅडमनी अ जीवनसत्त्वाच्या भावकीतली एक गोळी रोज घ्यायला दिली. "यानं नव्या गाठी कमी येतील, पण गोळी चालू आहे तोवरच. मनानं बंद करायची नाही. डोळ्याच्या कडेला एखादी आली तर डोळ्यावर बेतेल." त्या वाक्याने माझी झोप उडाली.

गोळीने ओठ असे फुटले की ठेचा सोडाच, वरणभातही झोंबायचा. आईचं निदान तयार होतं. "उष्ण पडली रं गोळी. बंद कर थोडं दिस." आमच्या घरात तोंड येवो, डोळे चुरचुरोत, कारण एकच: उष्णता. आणि मी शिकलेला गडी, गुपचूप ऐकलं! दोन-तीन महिने सब्जा प्यायलो. ओठ मऊसूत झाले आणि कानामागे दोन नव्या गाठी आल्या.

मॅडम मला रागावल्या, मग सोबत आलेल्या आईकडे वळल्या. "मावशी, ओठ फुटलेत म्हणजे गोळी पोटात जातेय. मऊ दिसले की समजा, यानं लबाडी केली."

गाठी कापल्या, गोळी पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आई रोज सकाळी माझे ओठ तपासते आणि स्वतःच्या बोटाने तूप लावते. चाळिशीच्या बाप्याला! मी वैतागतो. ती ढिम्म.

परवा वर्षाची तपासणी होती. मॅडमनी भिंग उचलायच्या आधीच आई म्हणाली, "बघा, कसं फुटल्यात!" जणू मी पहिला नंबर काढला होता. मॅडमनी कपाळ, कान, हात, पापण्या सावकाश पाहिल्या.

"वर्षात एकही नवी नाही."

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी तोंडभर हसलो आणि खालचा ओठ चिरला. आई पिशवीत तुपाची डबी शोधत होती. तिने वर पाहिलं, हात थांबवला.

"हस लेका," ती म्हणाली. "येऊ दे रगात."