मिचिको-सान यांची हाक कुणी कापली?

अन्याय झाला मिचिको-सान यांच्यावर. या वर्षी, मार्चच्या पहिल्या गुरुवारी, एपिसोड तपासायच्या दुपारच्या रिव्ह्यूमध्ये, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या स्टुडिओत. त्या तिथे नव्हत्या. आम्ही होतो आणि पिझ्झा खात होतो.

जपानबाहेरच्या लोकांना जपानी संगीताची ओळख करून देणारा एक टीव्ही कार्यक्रम आम्ही इंग्रजीत बनवतो. मी साउंड मिक्स करते, म्हणजे वेगवेगळ्या माइकवर आलेले आवाज एकत्र जुळवते. मिचिको-सान इथे न्यू जर्सीतच राहतात, त्सुझुमी वाजवतात; हा एपिसोड त्यांच्यावरच होता. त्सुझुमी म्हणजे खांद्यावर धरून हाताने वाजवायचं, डमरूच्या आकाराचं वाद्य. थाप मारण्याआधी वादक हाक देतो. ‘योऽऽ’. ‘होऽऽ’. उगाच जोशात येऊन ओरडणं नव्हे ते. समोर कंडक्टर नसतो. पुढची थाप कधी पडणार, हे बासरीवाल्याला त्या हाकेवरून कळतं.

चॅनेलची नोट आली होती : ‘मागे कोणीतरी ओरडतंय. क्लीन करा.’

समीर आमचा पोस्ट-प्रॉडक्शन हेड. मूळचा डोंबिवलीचा. शूटिंग संपल्यावर जे काही होतं, ते सगळं त्याच्या हातात. मी म्हणाले, “समीर, तो आवाज म्हणजे नॉइज नाही. वादनाचा भाग आहे.”

“मला माहितीये यार. ऑडियन्सला माहिती नाहीये.”

“मग त्यांना सांगू या ना! कार्यक्रम कशासाठी करतोय आपण?”

“तू कॉलेजात असताना पत्रकं वाटायचीस, तीच सवय अजून आहे तुला. मिक्स कर, मोर्चा नको.”

मी नाही म्हणाले. त्याने स्वतःच केलं. हल्ली सॉफ्टवेअरला सांगायचं, माणसाचा आवाज वेगळा कर, ते करतं. हाक गेली. मग नवीनच प्रॉब्लेम झाला. पडद्यावर मिचिको-सान तोंड उघडतात आणि आवाज येत नाही. सगळे हसले. त्यावर उपाय काय? चेहऱ्याचे शॉट्स काढले, हातांचे क्लोजअप टाकले. म्हणजे आधी बाईंचा आवाज कापला, आणि तो कापल्याचं दिसतंय म्हणून बाईंना कापलं. संध्याकाळपर्यंत पिक्चर लॉक झालं. लॉक म्हणजे दृश्यं पक्की, पुढे बदल नाही.

आमच्याकडे कलाकारांना मंजुरीसाठी फक्त फोटो पाठवतात. आवाज कुणी ऐकवत नाही. मी मिचिको-सानना फोन केला, या आणि ऐका. समीर वैतागला, पण दारात आलेल्या बाईंना परत कसं पाठवणार? त्याने खुर्ची दिली, चहा दिला.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग इंग्रजीत विचारलं, “हे कोण वाजवतंय?”

“तुम्हीच, मॅम.”

“नाही. थाप माझी असेल. वाजवणारी मी नाही. माझं नाव काढून टाका.”

आवाज चढवला नाही. चहा मात्र तसाच ठेवला आणि गेल्या.

समीर डोकं धरून बसला. “नावाशिवाय एपिसोड कसा जाणार यार? तू कशाला बोलावलंस त्यांना?”

“समीर, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगला पोवाडा असायचा?”

“असायचा. मी मागे उभा राहायचो कोरसला.”

“उद्या इथल्या चॅनेलने सांगितलं, शाहिराच्या मागचं ‘जी जी रं जी’ क्लीन करा. करशील?”

“वेडी आहेस का? ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“ते आपलं आहे.”

झालं. एवढंच होतं. आपलं असलं की परंपरा, दुसऱ्याचं असलं की नॉइज. आणि हे म्हणणारा माणूस दुसऱ्यांचं संगीत जगाला समजावून सांगायचा पगार घेतो. मीही घेते.

समीरने चॅनेलला फोन लावला. इतकं स्वच्छ भांडताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. चॅनेलने आवाज परत घ्यायला होकार दिला. दृश्यांना नकार. पिक्चर लॉक आहे म्हणाले. मी जुना मिक्स पुन्हा बसवला. मिचिको-सान यांनी घरी तो ऐकला आणि नाव ठेवू दिलं. मला म्हणाल्या, “आवाज माझा आहे. पण हात कुणाचेही असू शकतात.”

एपिसोड ऑन एअर गेला. हाक आहे. चेहरा बासरीवाल्याचा आहे, निवेदकाचा आहे, ज्यांच्यावर एपिसोड होता त्यांचा नाही. या धंद्यात मी एवढं शिकले : कापलेलं परत मिळतं, पण फक्त तेवढंच, जेवढ्यासाठी कुणीतरी भांडतं.

तर आता तुम्ही. हा एपिसोड चॅनेलच्या ॲपवर आहे, खाली प्रतिक्रियेची जागा आहे. एक ओळ लिहा : ‘हाक देणाऱ्या बाईंचा चेहरा दाखवा.’ लाइक नको, मला शाबासकी नको. ओळ लिहा. आजच.