दुकानाचा तास

संध्याकाळी बाईंचा फोन वाजला की घरातले सगळे आपापल्या ताटात बघायचे. पलीकडे बहुतेक कुणीतरी दुकानदार असायचा, आणि फोन ठेवल्यावर बाईंच्या तोंडाचा पट्टा कुणावर सुटेल याचा नेम नसायचा. विशेष मुलांच्या शाळेत बाईंचं काम एकच: शाळा संपलेल्या मुलांना कुठेतरी खऱ्या कामाला लावायचं. म्हणजे दारोदार फिरायचं, 'आमची काही हरकत नाही हो, पण गिऱ्हाईकांना काय वाटेल' हे हसतमुखाने ऐकून घ्यायचं, आणि चुकून कुणी हो म्हटलंच, तर त्याचं मन फिरू नये म्हणून जिवाचं रान करायचं.

त्या दिवशी फोनवर किराणा दुकानदार होता. त्याच्याकडे बाईंनी नुकतंच चिमणीला लावलं होतं. चिमणी हे शाळेतलं लाडाचं नाव. मुलगी चांगली थोराड, दारातून वाकून आत येणारी.

"बाई, तुमची ती मुलगी घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "दिवसभर फळ्यांवर माल लावते, झकास लावते. आणि निघायच्या वेळी सगळा खाली उतरवून परत खोक्यात भरते. काल म्हटलं, चुकून झालं असेल. आज पुन्हा तेच. तेलाच्या बाटल्यासुद्धा वर ठेवल्या नाहीत. आता मी काय रात्रभर दुकान लावत बसू?"

बाईंनी कपाळावर हात मारला. उद्याचा एक दिवस कसाबसा मागून घेतला.

"काय झालं?" नवऱ्याने जपूनच विचारलं.

"माझं नशीब," बाई म्हणाल्या.

चूक कुणाची, हे त्यांना फोन ठेवायच्या आतच कळलं होतं. शाळेच्या मागच्या खोलीत दुकानाचा तास व्हायचा. लाकडी फळ्या, रिकामे डबे, साबणाची पोकळ वेष्टनं. मुलांनी ते सगळं नीट मांडायचं आणि तास संपला की पुन्हा खोक्यात भरायचं, कारण पुढच्या वर्गाला तेच सामान लागायचं. 'खोकं भरल्याशिवाय सुट्टी नाही,' असं बाईंनी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. बाकी शिकवलेलं बरंचसं पालथ्या घड्यावर पाणी, आणि नेमकं हे एक वाक्य चिमणीच्या डोक्यात काळ्या दगडावरची रेघ होऊन बसलं होतं.

चिमणीचा मोठा भाऊ आधीच म्हणाला होता, "एकदा करून बघू बाई. नाही जमलं तर बसेल घरी. आम्हाला काही ती जड नाही." माणूस बोलायला गोड. पण घरी बसलेल्या मुलींचं काय होतं ते बाईंनी पाहिलं होतं. टीव्हीसमोरची खुर्ची, आणि मग हळूहळू बोलणंच बंद. त्यांना भावाचा राग आला, दुकानदाराचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. निघायची वेळ झाली तशी चिमणीने रिकामं खोकं पुढे ओढलं.

"हे भरायचं नाही," बाई म्हणाल्या. "माल इथे वरच राहू द्यायचा."

"बरं," चिमणी म्हणाली आणि साबण उतरवायला लागली.

"अगं, बरं म्हणतेस आणि उतरवतेस काय?"

"मग उद्या मी काय लावू?"

बाईंनी तिच्या हातातला साबण काढून घेतला.

"सगळं लागलेलं असलं की काम संपलं," चिमणीने समजावून सांगितलं. "काम संपलं की दादा म्हणणार, घरी बस."

पोरीचं काही चुकत नव्हतं. शाळेतल्या त्या दुकानात बाईंनी सगळं शिकवलं होतं, फक्त तिथे कधी गिऱ्हाईक आलं नव्हतं. बाईंचा राग होता तिथेच होता, पण आता तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी चिमणीला स्टुलावर बसवलं. "काही करू नकोस. नुसतं बघ."

गिऱ्हाईकांची गर्दी संध्याकाळची, चिमणी घरी गेल्यानंतरची; ती तिने पाहिलीच नव्हती. एक काकू आल्या आणि त्यांनी साबणाच्या वड्या उचलल्या. चिमणी ताडकन उठली.

"काकू, ते ठेवा. मी लावलंय."

काकू गोंधळल्या. दुकानदाराने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नेऊ दे त्यांना," त्या दातओठ खात म्हणाल्या. "साबण त्यांनी विकत घेतलाय."

"परत कधी आणणार?"

"नाही आणणार. वापरून संपवणार."

चिमणी पुन्हा बसली. मग कुणी चहापत्ती नेली, कुणी तेल. फळ्यांवर मध्ये मध्ये जागा पडत गेल्या.

"असं रोज नेतात?" तिने विचारलं.

"रोज," दुकानदार म्हणाला. ती कामाला लागल्यापासून तो पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलत होता. "नाही नेलं तर मी काय खाऊ?"

चिमणीने बाईंकडे मान वळवली. "म्हणजे शाळेतलं दुकान खोटं होतं?"

मुलांच्या कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे बाई इतरांना शिकवायच्या.

"हो," त्या म्हणाल्या. "खोटं होतं."

"मग आधी सांगायचं ना," चिमणी म्हणाली. ती उठली, कोपऱ्यातलं भरलेलं खोकं फोडलं आणि हातात मावतील तेवढे साबण घेऊन फळीपाशी आली.

दुकानदाराने गल्ल्याचा खण लावला. "उद्या वेळेवर ये," तो तिला म्हणाला.

चिमणीने मान डोलावली. साबण दोन्ही हातांनी छातीशी धरून ती बाईंसमोर थांबली होती.

"बाई, बाजूला व्हा ना. मध्येच उभ्या आहात."