बारदानात शिवलेला सोफा

कोथरूडच्या फ्लॅटचा ताबा दिवाळीच्या आधी मिळेल, असं बिल्डरच्या ऑफिसातून कळलं आणि बाबांनी लगेच सोफा बांधायला काढला. पावसाळासुद्धा अजून सरायचा होता.

आई म्हणाली, "अहो, आत्तापासून? गणपती यायचेत अजून. लोक बसतील कुठे?"

"सतरंजीवर. गणपतीला लोक खालीच बसतात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला भाड्याच्या घरात राहत होतो. घरात आम्ही तिघंच. बाबा मूळचे अमरावतीकडचे. तरुणपणी नोकरी शोधत पुण्यात आले आणि भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यात लागले. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या बोलण्यातलं "काय करून राहिलास?" गेलं नव्हतं. कारखान्यात ते डिस्पॅच खात्यात होते. तयार झालेला पंप खोक्यात बसवणं, त्याला आतून आधार देणं, खिळे ठोकून, पट्ट्या आवळून तो ट्रकवर चढवणं, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. पुढे बाहेरच्या कंपन्यांचा माल बाजारात आला. कारखान्याच्या ऑर्डरी आटत गेल्या आणि एक दिवस व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. बाबांनी ती घेतली. घेतली म्हणजे काय, न घेऊन जाणार कुठे होते?

त्याच सुमारास मी इंजिनीअर होऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. माझ्या पगारावर बँकेने कर्ज दिलं आणि कोथरूडला फ्लॅट बुक झाला. घरातली एक नोकरी संपली आणि दुसरी सुरू झाली, इतक्या सरळपणे आम्ही त्या गोष्टीकडे पाहत होतो. बाबा त्याबद्दल काही बोलत नसत.

नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेने केलेली एकच वस्तू म्हणजे तो सोफा. भवानी पेठेत एक म्हातारे कोचवाले होते, त्यांच्याकडून करून घेतलेला. सागवानी सांगाडा, काथ्याचं भरण, वर फोम आणि शेवाळी रंगाचं मखमलीसारखं कापड. तो होत होता तेव्हा बाबा रोज बसने तिथे जाऊन बसत. त्या दोघांचं चांगलं जमलं होतं. सोफा घरी आल्यापासून आमच्या संध्याकाळी त्याच्यावरच जायच्या. एका टोकाला आई मटार नाहीतर शेंगा सोलत बसायची, मध्ये बाबा, आणि ऑफिसातून आलो की दुसऱ्या टोकाला मी. टीव्हीवर बातम्या चालू असायच्या, पण लक्ष असायचं ते बाबांच्या शेऱ्यांकडे. एखादा मंत्री बोलायला लागला की बाबा म्हणत, "याचं पॅकिंग चांगलं आहे. माल पाहायला पाहिजे." आई हसता हसता मटार सांडायची.

तर तो सोफा त्यांनी बांधायला काढला. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या आडत्याकडून बारदान आणलं. आईने ते दोनदा धुतलं, गच्चीवर वाळवलं, तरी त्याचा गुळाचा वास गेला नाही. रविवारी बाबांनी मला हाताशी घेतलं.

मी म्हणालो, "बाबा, हल्ली पॅकिंगवाले येतात. प्लॅस्टिक गुंडाळतात आणि घेऊन जातात."

"मग मी काय करू?" ते म्हणाले.

मी गुडघ्यावर बसलो. आधी सोफा पालथा करून त्याचे पाय काढले आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले. मग कापडाला लागून आईची मऊ सुती पातळं, त्यावर गोधडी, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या घड्या, आणि सगळ्यात वरून बारदान. दाभणात सुतळी ओवून बाबा टाके घालत होते आणि मी दोन्ही कडा ओढून धरत होतो.

"ओढ. अजून ओढ. हां, आता असाच राह्य."

"हात दुखतोय, बाबा."

"दुखू दे. कॉम्प्युटर नाही तो."

ते गुणगुणत होते. कारखाना सुटल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी पुठ्ठ्यात आकृत्या कापल्या आणि काळ्या रंगात चिंधी बुडवून बारदानावर छाप उठवले. वर जाणारा बाण, एक छत्री, एक काचेचा पेला.

आईने विचारलं, "सोफ्यात पेला कुठून आला?"

"चिन्ह आहे ते. सांभाळून न्या, असं सांगायचं असतं."

संध्याकाळी ते धूड भिंतीला लावून उभं राहिलं आणि बाबा बराच वेळ लांबून त्याच्याकडे पाहत होते.

दिवाळी आली, गेली. ताबा मिळाला नाही. आधी ड्रेनेजची लाइन राहिली होती, मग लिफ्ट, मग पालिकेचा कसला तरी दाखला. मी फोन केला की पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात "पुढच्या महिन्यात सर" म्हणायची. सोफा हॉलमध्ये तसाच शिवलेला होता. त्यावर हळूहळू इस्त्रीचे कपडे आले, मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बाबांनी शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडायला लागली. मी येऊन थेट आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचो. टीव्ही चालू असायचा, पण बाबा एकटेच समोर असत, आणि त्यांचे शेरे ऐकायला कुणी नसल्याने तेही बंद झाले असावेत.

एकदा मी म्हणालो, "उघडू या सोफा. जायच्या वेळी परत बांधू."

"काहून? चार दिवसांसाठी?" बाबा म्हणाले.

आईनेही त्यांचीच री ओढली. "राहू दे रे. एवढं छान शिवलंय. आज-उद्या मिळेलच ताबा."

आमच्या घरात त्या काळात सगळंच 'तिकडे गेल्यावर' होणार होतं. नवे पडदे तिकडे गेल्यावर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडे गेल्यावर. बाबांना एकदा आपल्या गावी जाऊन यायचं होतं, तेही तिकडे गेल्यावरच. कुणी कुणावर लादलेलं नव्हतं. तिघांनाही ते शहाणपणाचं वाटत होतं.

बाबा रोज सकाळी उठले की सोफ्याचे टाके तपासत. एखाद्या दिवशी चांगला टाका उसवून पुन्हा घालत. रिकामपणाचा उद्योग, असं आई म्हणायची. मग ते मधूनच विचारायला लागले, "ट्रक आला का?" आम्ही दोघं हसायचो. बिल्डरला टोमणा आहे, असंच आम्हाला वाटायचं. त्यांचा स्वभावच तसा होता, चेहरा न हलवता बोलायचा. मीसुद्धा तसंच उत्तर द्यायचो, "निघालाय, नाशिक फाट्याला अडकलाय." ते मान हलवायचे. मला वाटायचं, विनोद पोचला.

पुढचा पावसाळाही असाच गेला. एका दुपारी ते कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळ झाली तरी परतले नाहीत. फोन आला तो भोसरीहून. कारखाना केव्हाच बंद पडला होता, तिथे कुणाचं तरी गोदाम झालं होतं, पण फाटकावरचा रखवालदार जुनाच होता. तो म्हणाला, "साहेब आत जायचं म्हणतायत. ट्रक लागायची वेळ झाली म्हणतात. तुम्ही येता का?"

मी स्कूटर काढून गेलो. बाबा रखवालदाराच्या स्टुलावर बसले होते. खिशाला पेन लावलेलं होतं. मला पाहून म्हणाले, "तू काहून आलास? मी येतच होतो."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मग आईला बाहेर बसवून मला सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, आणि तो आजकालचा नाही, वर्ष-दीड वर्ष तरी चालू असावा. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" असं त्यांनी विचारलं. त्यात आरोप नव्हता, नोंदीसाठीच विचारलं होतं. मी नाही म्हणालो. परत येताना मला ते ट्रकचं उत्तर आठवत राहिलं.

ताबा त्यानंतर थोड्याच दिवसांत मिळाला. सामान हलवायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला मान डोलवत होते. कोथरूडला सोफा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून माणसांनी तो जिन्याने वर चढवला आणि हॉलमध्ये ठेवला. बाबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. टाक्यांवरून बोट फिरवलं, कोपरा दाबून पाहिला.

"चांगलं आहे काम," ते म्हणाले. "कोणाचं आहे?"

आई म्हणाली, "तुमचंच की हो."

"आमच्या खात्याचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. तुमच्या खात्याचं."

बाबांना बरं वाटलेलं दिसलं. मी कात्री घेऊन पुढे झालो तसं त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला अजून चांगलाच जोर होता. "पार्टीचा माल आहे. आपल्याला उघडता येत नाही."

म्हणून नव्या घरातही तो काही आठवडे तसाच राहिला. शेवटी एका सकाळी मी बाबांना टेकडीच्या बाजूला फिरायला नेलं आणि आईने मागे एकटीने सगळे टाके कापले. आम्ही परत आलो तेव्हा बारदान घडी करून गॅलरीत ठेवलं होतं आणि सोफा खिडकीखाली मांडलेला होता. कापडावर ना डाग, ना सुरकुती. कोचवाल्यांनी कालच पाठवल्यासारखा. बाबांनी चपला काढल्या, पुढे आले आणि अगदी कडेवर बसले. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, परक्या घरी बसतात तसे. इकडेतिकडे पाहून मला म्हणाले, "छान आहे हो घर तुमचं."

त्यांचा आजार आम्हाला थांबवता आला असता असं नाही. डॉक्टरांनी ते स्पष्टच सांगितलं होतं. मला वाईट वाटतं ते वेगळंच. बाबा बरेचसे बाबा होते असं शेवटचं वर्ष आम्हाला मिळालं होतं, आणि ते आम्ही तिघांनी तीन ठिकाणी बसून घालवलं. त्या वर्षात ते काय काय बोलले हे आठवायचा मी खूप प्रयत्न करतो. ट्रकखेरीज फारसं काही हाताला लागत नाही.

सोफा उघडला त्या दिवशी संध्याकाळी मी टीव्ही लावला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली, टीव्हीकडे नाही, सोफ्याकडे बघत. बाबांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिला ते आयुष्यभर 'अगं' म्हणत आले होते. ते थोडे सरकले, शेजारची जागा हाताने झटकली आणि फार अदबीने म्हणाले, "बसा ना आपण. उभ्या का?"

आईने पदर सावरला. "बसते," म्हणाली, आणि मध्ये थोडं अंतर ठेवून बसली.